जुहू येथील दोन चुकलेलीं अवतरणें

जुन्या पोथ्यांच्या शोधांत रमणाऱ्या वाचकांस या पृष्ठांवर विमानाच्या अपघाताचा विषय पाहून नवल वाटेल. परंतु मुंबईस १९७२ सालीं घडलेल्या एका प्रसंगाचा विचार करतां प्रस्तुत लेखकास लेखनिकाच्या हस्तदोषाची आठवण होते, आणि हें साम्य वरवरचें नाहीं असें त्याचें मत आहे.

प्रथम स्थळाविषयीं. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें आणलेलें टपालाचें विमान येथेंच उतरलें. त्यांत उतारू एकही नव्हता, होतीं तीं पत्रें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पूर्वेस थोड्याच अंतरावर सांताक्रूझचा मोठा तळ झाला व युद्धानंतर मोठी वाहतूक तिकडे गेली. जुनी धांवपट्टी मात्र राहिली. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्यास तीच आधीं दिसते आणि तिची दिशाही सांताक्रूझच्या पट्टीशीं बहुतेक जुळते. एकीचा अंक ०८, दुसरीचा ०९. हे अंक दिशेचे अंश दहांनीं भागून काढलेले असतात. म्हणजे अंतर सुमारें दहा अंशांचें.

२४ सप्टेंबर १९७२ रोजीं सकाळीं लंडनहून तोक्योस निघालेलें जपान एअर लाइन्सचें डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूस उतरलें. चार हजार फुटांहूनही आखूड अशा त्या पट्टीवर तें थांबेल कसें? तें पट्टी ओलांडून गेलें व कायमचें निकामी झालें. आंतील १२२ माणसांपैकीं ११ जखमी झालीं. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. कारण सांगितलें जातें तें इतकेंच कीं, वैमानिकानें एक विमानतळ दुसरा समजला.

परंतु १९५३ च्या जुलैंत बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनीचें कॉमेट विमानही असेंच जुहूस उतरलें होतें. तें पुन्हा उडवून नेण्यास नऊ दिवस लागले. वैमानिक निराळे, विमानें निराळीं, मध्यें एकोणीस वर्षें, चूक एकच.

दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली, तर आपण काय म्हणतों? दोहोंची मातृका एक असावी, किंवा एकीवरून दुसरी उतरली असावी. तिसरीही एक शक्यता असते आणि ती आपण विसरतों: मूळांतील अक्षरच असें असतें कीं, एकमेकांस न ओळखणारे दोन लेखनिक तेथेंच फसतात. घ आणि ध, प आणि य यांनीं किती पाठ बिघडविले आहेत! जुहूच्या वैमानिकांनीं एकमेकांची नक्कल खचित केली नव्हती.

वालूरास एका पोथीची नक्कल करतांना माझ्याकडून एक ओळ गळली, कारण लागोपाठच्या दोन ओळींच्या शेवटीं एकच शब्द होता. पुढें माझ्या एका विद्यार्थ्यानें, माझी नक्कल न पाहतां, मूळ पोथीवरूनच ती उतरली आणि तीच ओळ गाळली. त्याला मीं रागें भरलों. माझी गाळलेली ओळ मला त्यानंतर सांपडली.

वैमानिक निर्दोष होते असें म्हणावयाचें नाहीं. दिशादर्शक यंत्र पुढ्यांत असतां केवळ डोळ्यांवर विसंबणें हा दोषच. तथापि ‘वैमानिकाची चूक’ एवढें लिहून कागद मिटला, तर पट्टी जागच्या जागीं राहते व पुढच्या येणाऱ्याची वाट पाहते. २० नोव्हेंबर २०१३ च्या रात्रीं अमेरिकेंत विचिटा येथें विमानांचे भाग वाहून नेणारें बोइंग ७४७ जातीचें प्रचंड मालवाहू विमान मॅककॉनेलच्या लष्करी तळाऐवजीं जवळच्या जबारा या लहान विमानतळावर उतरलें. तेथेंही दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या. विमान शाबूत राहिलें आणि दुसऱ्या दिवशीं उडालें.

लंडनची गोष्ट अधिक बोधक आहे. १९६० च्या ऑक्टोबरांत पॅन अमेरिकनचें बोइंग ७०७ हीथ्रोऐवजीं नॉर्थोल्टला उतरलें. दोन्हींकडे जाणाऱ्या मार्गांवर वायूची एकेक मोठी टाकी लागे, आणि दोन्ही टाक्या वरून सारख्याच दिसत. तेव्हां एकीवर ‘एन ओ’ व दुसरीवर ‘एल एच’ अशीं आकाशांतून वाचतां येतील एवढीं अक्षरें रंगविण्यांत आलीं.

वर सांगितलेल्या पोथीच्या समासांत, संग्राहकांनीं क्षमा करावी, मींही पेन्सिलीनें एक बारीक रेघ ओढून ठेविली आहे.