संबळ आणि समाजजागृती

तुळजापूरच्या श्रीभवानीचा जागर घालणारे आम्ही गोंधळी. परंतु आमच्या पूर्वजांनी देवीच्या सेवेबरोबरच पोवाडे मुखोद्गत ठेवून इतिहासही राखिला. १८९१ साली ॲक्वर्थ-शाळिग्रामांनी पोवाडे छापिले, त्यांतील पुष्कळसे गोंधळ्यांच्याच मुखातले. पोवाड्याच्याच द्वारे १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवचरित्र गाऊन बहुजनांस जागे केले. १९४४ साली बार्शीचे शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे व गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढून कष्टकऱ्यांची दुःखे, पुढे संयुक्त महाराष्ट्राची मागणी, गावोगाव गाइली. १९६० साली महाराष्ट्र झाला.

ज्या कलेने समाजास वाचा दिली, ती जपणाऱ्यांस मात्र लोक भिक्षेकरीच म्हणत राहिले! ज्ञातिबांधवहो, मुलांस अवश्य शिकवा. पण घरचा संबळ माळ्यावर टाकू नका. तो आपला मान आहे.