शिश्नभंग

ताठर शिश्नाला अचानक जोराचा बाक बसून आतले आवरण फाटण्याची दुखापत. शिश्नात हाड नसते. फाटते ते रक्ताने भरणाऱ्या दोन स्तंभांवरचे चिवट पांढरे आवरण. एरवी सुमारे २ मिमी जाड असलेले हे आवरण ताठरतेत ताणून पाव ते अर्धा मिमी उरते. संभोगात शिश्न निसटून जोडीदाराच्या जघनास्थीवर आदळणे हे नेहमीचे कारण. ‘कट्’ असा आवाज, तीव्र कळ, ताठरता तत्क्षणी ओसरणे आणि मग वांग्यासारखी जांभळी सूज, एवढ्यावरून बहुधा निदान होते. शंका असेल तरच सोनोग्राफी किंवा एमआरआय. मूत्रद्वारातून रक्त आले किंवा लघवी अडली, तर मूत्रमार्गही फाटलेला असू शकतो. साकळलेले रक्त काढून चीर विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात, शक्यतो २४ तासांत. उशिराने वाकडेपणा व ताठरता न येण्याचा धोका वाढतो, आणि लाजेपायी हा उशीर करणे फार महागात पडते. चोळणे, शेकणे कटाक्षाने टाळावे. सोलापूर परिसरातील रुग्णाने रात्र असली तरी सिव्हिलचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा, अपघात विभाग गाठावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते.