भगवानदादा : आंगिक विनोदाची उपेक्षित परंपरा

मराठीत विनोदाची चर्चा होते ती बहुधा शब्दाच्या अंगाने. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. ही परंपरा आम्ही वर्गात शिकवतो. भरताने चतुर्विध अभिनयात आंगिकाचा उल्लेख वाचिकाच्याही आधी केला आहे. पण देहाने विनोद साधणाऱ्या नटाकडे पाहण्याची दृष्टी आपल्या समीक्षेत नीटशी रुजली नाही. भगवान आबाजी पालव (1913-2002) यांची उपेक्षा याच उणिवेतून झाली, असे आम्हांस वाटते.

गिरणी कामगाराचा हा मुलगा स्वतः मजुरी करीत मूकपटांत शिरला. 'बहादुर किसान' (1938) चे सहदिग्दर्शन केल्यानंतर चाळीसच्या दशकात त्याने अल्प खर्चाचे मारधाडपट काढले. त्यांचा प्रेक्षक मुख्यतः कष्टकरी होता. भांडवल तोकडे असल्याने उडी, झटापट, आपटणे सारे नटाच्या अंगावर येई. त्याची किंमत इतरांनीही मोजली. 1942 साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान यांची थप्पड जोरात बसून ललिता पवार यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. या परंपरेचा गौरव करताना ही जखम विसरता येणार नाही.

'अलबेला' (1951) मध्ये निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तेच होते. रंगभूमीची स्वप्ने पाहणारा गरीब प्यारेलाल हा बुटका, स्थूल माणूस, सी. रामचंद्रांच्या संगीतावर तो गीता बालीसमवेत नाचतो, तेव्हा पाय फारसे जागचे हलत नाहीत. खांदे, कंबर आणि सैल सोडलेले हात तेवढे ताल धरतात. चॅप्लिनचे हसू घसरत्या तोलातून निर्माण होते. भगवान यांचे हसू आपल्या बेढब देहावर खूश असलेल्या माणसाच्या ऐटीतून.

हे नृत्य शिकण्यासाठी गुरू लागत नाही, आणि त्यातच त्याचे सांस्कृतिक मोल आहे. त्याच्या खुणा अमिताभ बच्चन आणि गोविंदा यांच्या नाचात दिसतात. तशाच त्या खडवलीला भातसेकडे निघालेल्या विसर्जन मिरवणुकीतही दिसतात. तेथे नाचणाऱ्या अनेकांनी 'अलबेला' पाहिलेला नसेल, तरी ती लकब त्यांच्या अंगात आहे. मिरवणुकीतून पडद्यावर आणि पडद्यावरून पुन्हा मिरवणुकीत, असा हा प्रवास असावा.

'झमेला' (1953), 'लाबेला' (1966) यांना ते यश लाभले नाही. जुहूचा बंगला गेला, दादरची चाळ उरली. 'सात दिवसांच्या सात मोटारी' आणि नंतरचे दारिद्र्य ही कथा इतकी रंगवून सांगितली जाते की कलावंत बाजूला राहून केवळ नीतिबोध हाती उरतो. 2016 च्या 'एक अलबेला' या मराठी चरित्रपटाने त्यांचे स्मरण जागवले. अभ्यासाचे काम मात्र बाकी आहे. त्यासाठी 'अलबेला'तील एक नृत्य आवाज बंद करून वर्गात दाखवावे आणि तो देह काय सांगतो, ते विद्यार्थ्यांना मराठीत लिहावयास सांगावे. आपली समीक्षेची परिभाषा कोठे अपुरी पडते, ते तेथेच ध्यानात येईल.