बंद पडलेलं मशीन आणि पेनड्राइव्ह घेऊन फिरणारा माणूस

संगणकाचं बटण दाबलं, काळ्या स्क्रीनवर दोन इंग्रजी ओळी आल्या आणि पुढे काहीच नाही. असं झालं की आपण डबा उचलतो आणि दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवतो. पण सातबारा, दवाखान्याचा केसपेपर, बँकेचं खातं, विमानाचं तिकीट सगळंच संगणकावर गेल्यावर 'मशीन चालूच होत नाही' ही एकट्या मालकाची अडचण राहिली नाही. म्हणून थोडा इतिहास लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक साधी गोष्ट. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्कवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम शोधतो, तो विंडोजचा गाभा मेमरीत आणतो, मग ड्रायव्हर येतात आणि इंटरनेट त्यानंतर. मधली एखादी पायरी निखळली तर मशीन इंटरनेटपर्यंत पोचतच नाही. कंपनीने दुरुस्त फाइल पाठवली तरी ती घेणार कोण? मग बाहेरून कुणीतरी फ्लॉपी, सीडी नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन मशीनपाशी यावं लागतं.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये बसायचा. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! पुढे अशा व्हायरसांची रांगच लागली आणि स्वच्छ फ्लॉपी लावून मशीन चालू करून देणं हा गावोगावी धंदा झाला. पुण्यात कैलास काटकर यांचं दुरुस्तीचंच दुकान होतं, आधी कॅल्क्युलेटर, मग संगणक. गिऱ्हाइकांची मशीनं व्हायरसने पुन्हा पुन्हा परत यायची. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले, त्यातून क्विक हील उभी राहिली. हे मुद्दाम सांगतोय, कारण हा धंदा दुरुस्तीच्या टेबलावर जन्माला आला, हे नंतर सगळेच विसरले.

२६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने त्याच्याही पुढची मजल मारली. त्याने डिस्कचा सुरुवातीचा भाग तर पुसलाच, शिवाय अनेक मशीनवर मदरबोर्डच्या चिपमधला प्रोग्रॅमही उडवला. तिथे फ्लॉपी काय करणार? चिपच बदला. तारीख चेर्नोबिलच्या अपघाताची, म्हणून त्याला तेच नाव पडलं. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात नुकसान झालेली मशीनं लाखांच्या घरात होती.

इथवर गुन्हेगार व्हायरस लिहिणारा होता. २१ एप्रिल २०१० ला पारडं फिरलं. मॅकॅफी या अँटीव्हायरस कंपनीच्या रोजच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही मूळ फाइलच व्हायरस समजून बाजूला काढली. मशीनं बंद-चालू, बंद-चालू करत बसली आणि नेटवर्कही गेलं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या दवाखान्यांनी काही रुग्ण परत पाठवले, ऑस्ट्रेलियात कोल्सच्या काही दुकानांतले गल्ले बंद पडले. उपाय काय, तर प्रत्येक मशीनपाशी जाऊन ती फाइल हाताने परत ठेवायची. राखणदारानेच कुलूप तोडलं होतं. त्या वेळी मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कर्ट्झ. हे नाव लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी कर्ट्झ यांनी सहकाऱ्यांसोबत क्राउडस्ट्राइक काढली. १९ जुलै २०२४, आषाढीनंतरचा शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी या कंपनीने २९१ क्रमांकाच्या फाइलचं अपडेट पाठवलं. त्यात २१ रकाने अपेक्षित होते, प्रोग्रॅम पुरवत होता २०. एकविसावा शोधायला गेलेला ड्रायव्हर नको त्या मेमरीत घुसला आणि विंडोज कोसळली. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीनं निळ्या स्क्रीनवर होती. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ फटका बसला.

दुरुस्ती ऐकाल तर हसाल. मशीन सेफ मोडमध्ये न्या, ड्रायव्हरच्या फोल्डरमधून २९१ वाली फाइल पुसा, पुन्हा चालू करा. पाच-दहा मिनिटांचं काम. पण हजार मशीनं असतील तर हजार वेळा, एकेका टेबलापाशी जाऊन. आणि डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाइप करायची. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तेही तेव्हा पडलेलेच होते. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सने पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द केली. क्राउडस्ट्राइकने आपल्या भागीदारांना दिलगिरी म्हणून १० डॉलरची खाण्याची कुपनं पाठवली, त्यातली काही चाललीच नाहीत.

माझा राग कुपनावर नाही, वाटणीवर आहे. पाठवणारा एका जागी बसून एका बटणावर लाखो मशीनं पाडू शकतो. उचलायची मात्र ती जागेवरच्या कंत्राटी पोराने, जो रात्रभर पेनड्राइव्ह घेऊन मजले चढतो. २०१० मध्ये हे दिसलं होतं. तरी १४ वर्षांनी तो अपडेट सगळ्यांना एकदमच गेला. आधी थोड्या मशीनवर बघून मग पुढे पाठवायची पद्धत कंपनीने या फाइलींसाठी नंतर जाहीर केली.

मायक्रोसॉफ्टने आता विंडोज ११ मध्ये सोय आणली आहे. मशीन वारंवार कोसळलं तर दुरुस्तीचा छोटा कप्पाच इंटरनेटला जोडला जातो आणि उपाय तिथे येतो. चांगलं आहे. पण तालुक्याच्या कार्यालयांत अजून विंडोज १० ची मशीनं दिसतात, तिथे ही सोय नाही. मागे मी एका कार्यालयात सहज विचारलं, डिस्कच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते? साहेब म्हणाले, "मेंटेनन्सवाल्याकडे असेल." मेंटेनन्सवाल्याचं कंत्राट संपून चार महिने झाले होते.

तुमच्याकडे ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा, पतसंस्था जे काही असेल, तिथे हे दोन प्रश्न विचारून बघा मंडळी: मशीन चालूच झालं नाही तर चालू करायचा पेनड्राइव्ह आहे का? आणि किल्लीची चिठ्ठी कुठल्या कपाटात आहे? उत्तरं खाली लिहा. गावाचं नाव घातलं तरी चालेल, माणसाचं नको.