मतदारांचे बिनपगारी भोई

निवडणुकांचा इतिहास लिहिणारे बहुधा दोनच माणसांचा विचार करतात : एक मत मागणारा व दुसरा मत देणारा. या दोघांच्या मध्यें एक तिसरें माणूस उभें असतें, त्याची दखल क्वचितच कोणी घेतो. मतदाराच्या दारावर थाप मारणें, त्याला मतदानाच्या दिवसाची आठवण देणें, तो आजारी असला तर गाडी आणणें, आणि मत पडलें कीं वहींत खूण करून पुढच्या दाराकडे वळणें, हें त्याचें काम. पालखीचा मान आंत बसणाराला मिळतो, भोयाकडे कोणी पाहत नाहीं. परंतु भोयांनीं खांदा काढून घेतला तर पालखी जागची हलत नाहीं, हेंही तितकेंच खरें. इंग्लंडच्या इतिहासांत या भोयांची एक चमत्कारिक हकीकत आहे. तिचा एक धागा आपल्या मुंबईच्या एका थोर पुरुषापर्यंत येऊन पोंचतो, म्हणून ती मराठी वाचकांस सांगण्यासारखी वाटते.

अठराव्या शतकांत मतदाराला मतदानाच्या जागीं आणणें हा उघड उघड द्रव्याचा व्यवहार होता. मत तोंडी व सर्वांसमक्ष द्यावें लागे. मतदान एका दिवसांत न आटपतां दिवसचे दिवस चाले, आणि मोठ्या परगण्यांतही मत देण्याची जागा बहुधा एकच असे. दूरच्या मतदारानें घरचें काम टाकून यावयाचें, तर त्याचें गाडीभाडें, उतारा व खाणेंपिणें यांचा भार उमेदवारानें सोसावा असा रिवाज पडून गेला होता. या व्यवहारांत बिनपगारी माणूस शिरला कीं तो विस्मयाचा किंवा थट्टेचा विषय होई. १७८४ सालीं वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकींत चार्ल्स जेम्स फॉक्स याच्यासाठीं डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना स्वतः दुकानदारांच्या व कारागिरांच्या दारीं गेली. तें मतदान चाळीस दिवस चाललें, आणि फॉक्सनें सर सेसिल रे याच्यावर २३६ मतांनीं मात केली. परंतु लोकांच्या स्मरणांत काय राहिलें? डचेसनें मतासाठीं एका खाटकाला चुंबन दिलें ही विरोधकांनीं पिकविलेली कंडी, आणि तिच्यावर काढलेलीं ओंगळ व्यंगचित्रें! तिनें घेतलेल्या श्रमांचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

दुसरा प्रसंग १८०७ सालचा, यॉर्कशायरचा. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्याला २५ मार्च रोजीं राजाची संमति मिळाली, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं त्या कायद्याचा कैवारी विल्यम विल्बरफोर्स याला निवडणुकीस उभें राहावें लागलें. जागा दोन, उमेदवार तीन. विल्बरफोर्सच्या समोर दोन धनाढ्य सरदार घराणीं होतीं. त्यांपैकीं लॅसेल्स घराण्याच्या वेस्ट इंडीज बेटांत गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मिळकती होत्या. या दोन घराण्यांनीं प्रत्येकीं सुमारे एक लक्ष पौंड उधळले. रस्त्यांवरील भाड्याच्या गाड्या व खाणावळी त्यांनीं आधींच अडवून ठेविल्या. सबंध परगण्याचें मतदान एका यॉर्क शहरांत व्हावयाचें होतें, आणि मतदारांस तेथें पोंचविण्यास विल्बरफोर्सच्या हातीं साधनें नव्हतीं. तेव्हां मतदारच आपल्या पायांनीं निघाले. हल बंदराकडून नदीवाटे माणसांनीं भरलेल्या नावा आल्या. शेतकऱ्यांनीं आपले खटारे जुंपून दिले. कित्येक गाढवांवर बसून आले, तर शेंकडों पायींच आले. विल्बरफोर्स पहिल्या क्रमांकानें निवडून आला, व त्याचा खर्च प्रतिपक्ष्यांच्या मानानें तिसऱ्या हिश्शाहूनही कमी झाला. त्याच्यासाठीं जमविलेल्या वर्गणींतील जवळजवळ निम्मी रक्कम तर देणाऱ्यांना परत करण्यांत आली. लोकांच्या मनांत एखादें कार्य भरलें म्हणजे भाड्याच्या गाडीवांचूनही मतदार येतो, हें त्या दिवशीं दिसून आलें.

तथापि हा अपवाद होता. नियम पैशाचाच राहिला. १८७२ सालच्या कायद्यानें मतदान गुप्त झालें, पण खर्च कमी झाला नाहीं. १८८० च्या निवडणुकींत उमेदवारांचा जाहीर झालेला एकंदर खर्चच सुमारे १७ लक्ष पौंड होता. अखेर ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळांतील अॅटर्नी जनरल सर हेन्री जेम्स यांनीं १८८३ सालीं भ्रष्टाचारप्रतिबंधक कायदा मंजूर करून घेतला. त्यानें खर्चाला मर्यादा घातली, पगारी प्रचारक बंद केले, आणि मतदारांना नेण्याआणण्यासाठीं गाडी भाड्यानें घेणें बेकायदेशीर ठरविलें. १८८५ सालीं मतदारांची संख्या पुष्कळच वाढलेली असतांही खर्च सुमारे १० लक्ष पौंडांवर उतरला.

पण पैसा गेला तरी काम राहिलेंच. मतदार तर पूर्वींपेक्षां लाखांनीं अधिक. मग त्यांच्या दारीं जाणार कोण? कायद्यानें पगारी हात बांधले, बिनपगारी हात मोकळे ठेविले. भाड्याची गाडी निषिद्ध, पण मित्राची उसनी गाडी चालेल, अशी ही व्यवस्था होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या लोकांनीं डिझरायलीच्या स्मरणार्थ 'प्रिमरोझ लीग' स्थापन केली. पुढच्याच वर्षीं तिच्यांत स्त्रियांस प्रवेश मिळाला. शाखांना 'हॅबिटेशन' व सभासदांना 'नाइट' आणि 'डेम' अशीं मध्ययुगीन थाटाचीं नांवें दिलेलीं पाहून लोक हंसले. परंतु चहापानें, बागेंतील मेळावे व जादूच्या कंदिलाचे खेळ यांच्या आडून या संस्थेनें १८९१ पर्यंत दहा लाखांवर सभासद गोळा केले. लिबरल पक्षाकडेही १८८७ सालीं 'विमेन्स लिबरल फेडरेशन' निघालें व ग्लॅडस्टनच्या पत्नी त्याच्या अध्यक्षा झाल्या.

या नव्या पद्धतीचा नमुना १८८५ च्या जुलैंत वुडस्टॉक येथें दिसला. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांची भारतमंत्री म्हणून नेमणूक झाली होती. त्या काळच्या नियमाप्रमाणें मंत्रिपद घेतांच पुन्हां निवडून येणें त्यांस भाग होतें. ते स्वतः लंडनमध्यें कामांत गुंतले, आणि त्यांची पत्नी जेनी व बहीण लेडी जॉर्जियाना कर्झन या दोघी फितींनीं सजविलेली घोडागाडी स्वतः हांकीत मतदारांच्या शेतांपर्यंत गेल्या. लॉर्ड रँडॉल्फ १२७ मतांनीं निवडून आले. हिंदुस्थानच्या कारभारावर अधिकार चालविणारा मंत्री, तो पार्लमेंटांत पोंचला दोन स्त्रियांच्या श्रमांवर, आणि त्या दोघींपैकीं एकीलाही पार्लमेंटच्या निवडणुकींत मत नव्हतें!

मौजेची घोडागाडी हा या कामाचा दर्शनी भाग झाला. खरें काम कंटाळवाणें होतें. मतदारयादी एकदां तयार झाली कीं वर्षभर तीच चाले, आणि शहरांतील मजूर व कारागीर तर वारंवार घरें बदलीत. तेव्हां यादींतील नांव घेऊन जुन्या घरीं जावें, शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावें, नव्या घराचा माग काढावा, मतदार आपला, परका कीं डळमळीत याची नोंद करावी, हें आधींचे आठवडे. मतदानाच्या दिवशीं सकाळीं आठ ते रात्रीं आठ ही वेळ. कामगार माणूस जेवणाच्या सुट्टींत यावयाचा, नाहीं तर संध्याकाळीं काम सुटल्यावर. म्हणून शेवटच्या दोन तासांत राहिलेल्यांच्या दारीं धांवाधांव करावी लागे. ही चिकाटी पगारानें विकत मिळण्यासारखी नव्हती. मात्र या बिनपगारी सेवेंतही श्रीमंतीचा हात होताच. उसनी गाडी देणार तो घरीं गाडी असलेलाच, आणि अशीं घरें कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे अधिक. कायद्यानें बाजार बंद केला, विषमता बंद केली नाहीं.

आतां आपल्या धाग्याकडे वळूं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत एके काळीं गणित शिकविणारे दादाभाई नौरोजी १८८६ सालीं लंडनच्या होबर्न मतदारसंघांत पराभूत झाले. पुढें १८८८ सालीं पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनीं, इंग्रज मतदार 'काळ्या माणसाला' निवडून देणार नाहींत अशा अर्थाचे उद्गार काढले. १८९२ च्या जुलैंत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, दादाभाई सेंट्रल फिन्सबरींतून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले. क्लार्कनवेलचे घड्याळजी व जवाहिऱ्या कामाचे कारागीर यांची तेथें वस्ती होती. मोजणी झाली तेव्हां दादाभाईंस तीन मतांचें आधिक्य निघालें. फेरमोजणींत तें पांच झालें : २९६१ विरुद्ध २९५६. इंग्रजांना 'नौरोजी' हें आडनांव उच्चारावयास अवघड वाटे, म्हणून 'नॅरो-मेजॉरिटी', म्हणजे 'थोडक्या मताधिक्याचे', असा त्यांच्या नांवावर कोणीसा विनोदही केला. पांच मतें म्हणजे काय? सवाच घोडागाडी! पांच दारें कोणी ठोठावलीं नसतीं, पांच कारागीर थकून घरींच बसले असते, तर हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब त्या वर्षीं पार्लमेंटच्या सभागृहांत दादाभाईंच्या तोंडून ऐकूं आला नसता. त्या संध्याकाळीं फिन्सबरीच्या गल्ल्यांतून जे धांवले त्यांचीं नांवें आपणांस सांगतां येत नाहींत. तरी हिंदी माणसावर त्यांचें ऋण आहे.

त्याच वर्षीं भोयांनींही पालखीकडे मान वळवून पाहिलें. स्त्रियांस मत देण्याचें सर अल्बर्ट रोलिट यांचें बिल २७ एप्रिल १८९२ रोजीं २३ मतांनीं नामंजूर झालें. त्याआधीं ग्लॅडस्टननें एक पत्र प्रसिद्ध करून त्यास विरोध केला होता. राजकारणाच्या ओढाताणींत स्त्रीच्या स्वभावांतील नाजुकपणा व पावित्र्य यांना धक्का पोंचेल असें त्याला भय वाटत होतें. परंतु ज्या स्त्रियांस अनोळखी मजुरांच्या दारीं जाऊन मतें मागावयास पक्ष पाठवीत होता, आणि ज्यांच्या संघाच्या अध्यक्षस्थानीं ग्लॅडस्टनची स्वतःची पत्नी होती, त्यांच्या नाजुकपणाची काळजी निवडणुकीच्या दिवशीं कोणाला वाटली नव्हती. हा विसंवाद स्त्रियांच्या नजरेंतून सुटला नाहीं. फेडरेशननें मताधिकार हें आपलें ध्येय म्हणून स्वीकारलें. तें न पटलेल्या कांहीं हजार सभासद स्त्रिया बाहेर पडल्या व त्यांनीं वेगळी संस्था काढली. पुढें १९१२ सालीं श्रीमती मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालील मताधिकारसंघानें, आपली संघटना व निधि मजूर पक्षाच्या उमेदवारांसाठीं वापरावयाचें ठरविलें, कारण स्त्रियांच्या मताधिकाराला त्या पक्षानें स्पष्ट पाठिंबा दिला होता. फुकट मिळणारा खांदा आतां अटीनें मिळूं लागला.

१९१८ सालीं तीस वर्षांवरील पुष्कळशा स्त्रियांस, व १९२८ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें सर्व प्रौढ स्त्रियांस मत मिळालें. तें केवळ या सेवेचें फळ, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. सभा, अर्ज, सत्याग्रह, तुरुंगवास व महायुद्ध या सर्वांचा त्यांत वांटा आहे. पण राजकारण हें स्त्रियांचें क्षेत्र नव्हे, हा आक्षेप पोकळ ठरविला तो मात्र या दारोदार फिरणाऱ्या स्त्रियांनींच. सेवा हा हक्काचा पुरावा होतो. तथापि तो पुरावा पुढें करून हक्क मागितला नाहीं, तर तीच सेवा दुसऱ्याची सोय होऊन बसते.

आपल्याकडे मुंबई इलाख्यांत कायदेमंडळासाठीं स्त्रियांस मताधिकार देण्याचा ठराव १९२१ सालींच संमत झाला. स्वतंत्र भारतानें तर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस मत दिलें. गाडीच्या बाबतींतही आपला कायदा इंग्रजांच्या पुढें गेला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणें उमेदवारानें मतदारांस फुकट नेण्याआणण्यासाठीं वाहन पुरविणें हा भ्रष्टाचार ठरतो, मग तें भाड्याचें असो कीं उसनें. मतदानकेंद्रच मतदाराच्या जवळ, शक्यतों दोन किलोमीटरांच्या आंत असावें, असें आपलें धोरण आहे. म्हणजे पालखी गेली, आणि ज्यानें त्यानें आपल्या पायांनीं जावें हें ठरलें.

मग स्वयंसेवकाचें काम संपलें काय? गाडी बंद झाली, दार बंद झालेलें नाहीं. यादींत नांव आहे कीं नाहीं हें न पाहणारा, 'माझ्या एका मतानें काय होणार' असें म्हणून आरामखुर्चींत पडून राहणारा सुशिक्षित गृहस्थ आजही घरोघर आढळतो. त्याच्या दारावर थाप मारणारें कोणी तरी हवेंच. आणि एका मतानें काय होतें असें त्यानें विचारलें, तर फिन्सबरीच्या पांच मतांची गोष्ट त्यास सांगावी.