भरवेलीचा दगड आणि गावची विहीर

बालाघाटजवळ भरवेली येथे भूगर्भातून मँगॅनीजचे काळे खनिज काढले जाते. ते पाण्यात विरघळत नाही. तरीही अशाच खनिजापासून केलेल्या औषधाने एके काळी पटकीच्या साथीत गावोगावच्या विहिरी जांभळ्या होत. ही किमया पोटॅशियमची.

१८०७ साली हंफ्री डेव्ही यांनी वितळलेल्या दाहक पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडून हा धातू प्रथम वेगळा केला. तो सुरीने कापण्याइतका मऊ, पाण्याहून हलका. पाण्याचा स्पर्श होताच जांभळट ज्योतीने पेटणारा. सोडियम व लिथियम ही त्याचीच भावंडे. निसर्गात हे धातू एकटे कधी सापडत नाहीत; मात्र त्यांचे बहुतेक क्षार पाण्यात सहज विरघळतात.

मँगॅनीज खनिजाची भुकटी दाहक पोटॅशबरोबर हवेत तापविली की हिरवे मँगॅनेट मिळते आणि त्याचे ऑक्सिडीकरण केले की जांभळे परमँगॅनेट. १८९० च्या दशकात आग्रा येथील शास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी ते विहिरींत टाकण्याचा पुरस्कार केला. पुढे क्लोरीन अधिक भरवशाचा ठरला. परंतु खाणीतल्या अविद्राव्य दगडाला तहानलेल्या गावाच्या विहिरीपर्यंत आणले, ते या चंचल धातूनेच.