क्लोव्हर म्हणून घरात आलेली आंबुशी

जळगावात किंवा धुळ्यात एप्रिल उलटला की जांभळ्या पानांची एक कुंडी हमखास कचऱ्यात जाते. नर्सरीतून किंवा ऑनलाइन मागवताना तिचं नाव असतं 'पर्पल शॅमरॉक' किंवा 'लकी क्लोव्हर'. थंडीत ती खिडकीत छान डोलते. मग ऊन चढतं, आठवडाभरात पानं लोळागोळा होतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "मेलं ते, टाक."

ते मेलेलं नसतं. ते क्लोव्हरही नसतं. दुसरी गोष्ट आधी सांगतो, कारण पहिलीचं उत्तर तिच्यातच आहे.

क्लोव्हर म्हणजे शेंगावर्गातलं ट्रायफोलियम. खानदेशाला त्याची ओळख आहे ती गोठ्यातून. गुरांना घालतात तो बरसीम हे खरंखुरं क्लोव्हर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधून हिंदुस्थानात आणलेलं. लसूणघास आणि आपली मेथी ही त्याची जवळची भावंडं. मेथीची जुडी उलगडून एक पान तळहातावर ठेवा, तीन पानांचा तोच घाट दिसेल. म्हणजे क्लोव्हरचं गोत्र भाजीबाजारात बसलेलं आहे, आणि आपण दिवाणखान्यात क्लोव्हर म्हणून ठेवतो ते वेगळ्याच कुळातलं ऑक्सॅलिस ट्रँग्युलारिस. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ऑग्युस्त द सेंत-इलेर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ 1816 ते 1822 या काळात ब्राझीलमध्ये हिंडला. या झाडाला शास्त्रीय नाव त्यानं दिलं.

नावाचा घोळ आयर्लंडमधून आला. शॅमरॉक हे आयरिश लोकांचं राष्ट्रीय चिन्ह, पण ते नेमकं कुठलं झाड यावर तिथंच वाद होता. 1830 मध्ये बिशेनो नावाच्या अभ्यासकानं ठासून सांगितलं की खरा शॅमरॉक म्हणजे रानातलं आंबट ऑक्सॅलिस. पुढे 1893 च्या सुमारास नॅथॅनिएल कोलगननं सरळ लोकांनाच विचारलं : तुम्ही शॅमरॉक म्हणता ते रोप मुळासकट पाठवा. आलेली रोपं त्यानं फुलं येईपर्यंत वाढवली. बहुतेक क्लोव्हर निघाली. 1988 मध्ये पुन्हा असाच शोध घेतला, निकाल जवळपास तोच. बाजाराला याचं काही देणंघेणं नव्हतं. कुंडीत शोभतं ऑक्सॅलिस, म्हणून शॅमरॉकच्या नावानं विकलं जातं तेच.

आता आपल्या दाराशी या. नळाजवळच्या ओलीत, फरशीच्या फटीत, दुसऱ्याच झाडाच्या कुंडीत न विचारता उगवणारी बारीक तीनपानी वेल, पिवळं इवलंसं फूल, चावली तर आंबट. ती आंबुशी. लिनियसनं 1753 मध्ये तिला ऑक्सॅलिस कॉर्निक्युलाटा म्हटलं, पण त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेत ती चांगेरी म्हणून आहे. तिच्या रसात सिद्ध केलेलं चांगेरी घृत आयुर्वेदात पोटाच्या तक्रारींवर आजही चालतं. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तिची चटणी होते. डाल्झेल आणि गिब्सन यांनी 1861 मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' छापला तेव्हा बाहेरून आणून लावलेल्या झाडांना वेगळी पुरवणी जोडली होती. यजमान एका वहीत, पाहुणे दुसऱ्या. आपल्या गच्चीवर हिशेब उलटा आहे. ब्राझीलच्या ऑक्सॅलिसला जागा मिळावी म्हणून आपण त्याच कुंडीतलं गावठी ऑक्सॅलिस उपटतो. एक विकत घेतलेलं, दुसरं फुकट उगवलेलं, एवढाच फरक असावा असं मला वाटतं.

तो आंबटपणाही साधा नाही. ऑक्सॅलिक आम्ल हे नावच या झाडावरून पडलं. फ्रीडरिश व्योलरनं 1824 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं; सजीवांत सापडणारा पदार्थ निर्जीव रसायनांतून बनवता येतो याचा तो अगदी सुरुवातीचा दाखला. शाईचे आणि गंजाचे डाग काढायला हेच आम्ल वापरतात. म्हणून चटणी चमचाभर ठीक, मुतखड्याचा त्रास असेल तर तीही नको. आणि मांजर कुंडीतली जांभळी पानं चघळत बसत असेल तर कुंडी उंच टांगा.

दोन्ही बहिणींची एक सवय सारखी : दिवस मावळला की पानं छत्रीसारखी मिटतात. प्रत्येक पानाच्या बुडाशी बारीकसा सांधा असतो, त्याच्या पेशींत पाणी भरतं-ओसरतं आणि पान हलतं. डार्विननं 1880 मध्ये झाडांच्या हालचालींवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात ऑक्सॅलिसची झोप आहे. त्यानं काही पानं टाचून रात्रभर उघडी ठेवली, तर ती थंडीनं जास्त करपली. त्याच साली आपल्याकडे कॅम्पबेलनं संपादलेलं खानदेशचं गॅझेटियर निघालं. दोन्ही पुस्तकांचा संबंध काही नाही, पण 1880 म्हटलं की मला दोन्ही आठवतात.

रोजच्या झोपेशिवाय जांभळीची एक लांब झोपही असते. तिच्या मुळाशी खवल्याखवल्यांचे छोटे कंद असतात. पारा तिशीच्या बराच वर गेला की ती पानं सोडून देते आणि कंदात दडून बसते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ती दुसरं काय करणार? पानं पडली की पाणी जवळजवळ बंद करा, कुंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात सरकवा आणि विसरा. पाऊस लागून हवा निवली की थोडं पाणी द्या; काही आठवड्यांत गुंडाळलेले जांभळे कोंब वर येतात. मृतावस्थेत समजून पाणी ओतत राहणं हा मात्र नक्की मारण्याचा उपाय. त्यात आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि कंद कुजतात, म्हणून नुसती काळी माती नको. वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, बुडाला भोक हवंच. पूर्वेची खिडकी चांगली, पश्चिमेचं ऊन नको.

आंबुशीला यातलं काहीच लागत नाही. तिची शेंग पिकली की हात लागताच फुटते आणि बी शेजारच्या कुंडीत. उपटायच्या आधी पानाखाली एकदा बघा. पेल ग्रास ब्लू नावाचं नखाएवढं निळसर फुलपाखरू आंबुशीवर अंडी घालतं, त्याच्या हिरव्या अळ्या हीच पानं खाऊन वाढतात. 2011 च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानी संशोधकांनी किरणोत्साराचे परिणाम तपासायला हेच फुलपाखरू निवडलं, आणि त्याच्या अळ्यांना खायला तिथलीच आंबुशी घातली. अळी दिसली तर तेवढी एक वेल राहू द्या, जांभळीला त्यानं फारसा त्रास होत नाही.